सरळ केलेले ठोके

खोली बघायला गेले की मी मधोमध उभी राहते आणि एक जोरात टाळी वाजवते. मग ती टाळी कशी विझते ते ऐकते. भाडं, पाणी, वीज या सगळ्या चौकश्या त्यानंतर. पौडच्या पुढे, धरणाच्या रस्त्यापासून थोडं आत असलेल्या त्या खोलीत मी टाळी वाजवली तेव्हा घरमालकीण मावशी दारात उभ्या होत्या. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे.

"पाल हाय का?" त्यांनी विचारलं.

मी ड्रम वाजवते, त्यासाठी जागा हवी आहे, असं सांगितल्यावर त्यांनी मला परत एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. पन्नाशीला आलेली बाई, खांद्याला ऑफिसची बॅग, हातात मोजमापाची टेप. त्यांना पटलं नसावं, पण भाडं पटलं.

खोली विटांची होती, वर पत्रा, एक खिडकी. दोन भिंतींना छातीपर्यंत भाताची पोती रचलेली. टाळी वाजली आणि जागच्या जागी मेली. मला हवं होतं ते हेच. परतताना गाडीत बसून मी यादी केली: जाड गोधड्या, दोन एक्स्टेंशन बोर्ड, खिडकीला जुनी गादी, उंदरांचा बंदोबस्त, आणि शेवटी 'पोती हलवता येतील का, विचारणे.' पोती मला अडचण वाटली होती.

ड्रमला खोली लागते, हीच आमच्या बँडची कायमची डोकेदुखी. गिटार कपाटासमोर बसून रेकॉर्ड करता येते. गाणारा अंगावर रजई घेऊन गाऊ शकतो, आणि आमचा गातोही. ड्रमचं तसं नाही. मारुंजीतल्या माझ्या सोसायटीत मी एकदाच प्रयत्न केला होता, रविवारी सकाळी, दारं-खिडक्या लावून. गाणं अर्ध्यावर असताना सेक्रेटरी आले. फार सभ्य माणूस. म्हणाले, "ताई, गणपतीत वाजवा ना, आम्हीच बोलावू." तेव्हापासून जेवणाच्या टेबलावर एक रबरी चकती असते, तिच्यावर सराव. मी एकटी राहते, त्यामुळे टेबल मोकळंच असतं.

आम्ही चौघं. कॉलेजात एकत्र आलो ते अजून कागदोपत्री एकत्र आहोत. गायक पुण्यात असतो, गाणी तोच लिहितो. गिटारवाला बरीच वर्षं जर्मनीत आहे. बासवाला, म्हणजे बास गिटार वाजवणारा, हिंजवडीत, माझ्या ऑफिसच्या समोरच्या इमारतीत काम करतो, आणि तरी आमची भेट महिनोन्महिने होत नाही, कारण मधल्या रस्त्यावरचं ट्रॅफिक बघितलं की दोघांचाही उत्साह जातो. मी एका कंपनीचा कॅब विभाग सांभाळते. कोणाला कुठून घ्यायचं, कुठे सोडायचं, कोणती गाडी कुठे अडकली. बँडमध्येही माझं काम तेच. हे तिघं मला 'हेडबाई' म्हणतात.

नव्या रेकॉर्डचं ठरलं ते फोनवर, चार चौकोनांत चार चेहरे. पाच गाणी. चार नवी आणि एक जुनं, संथ, जे आम्ही सुरुवातीच्या वर्षांपासून स्टेजवर वाजवत आलो पण कधी रेकॉर्ड केलं नाही. सगळं सुरळीत चाललं होतं. मग गायक म्हणाला, "ड्रम प्रोग्राम करून टाकू यार. आजकाल कुणाला कळतं?"

"मला कळतं," मी म्हणाले.

"तू सोडून."

बासवाला हसला. गिटारवाल्याचा चेहरा थिजलेला होता, पण ते नेटमुळे. मी हसले नाही, कारण मला हिशेब दिसत होता. संगणकात ड्रम झाले की या रेकॉर्डवर माझं काम फक्त तारखा ठरवण्याचं उरेल, आणि तारखा ठरवण्यासाठी बँडमध्ये कोणी लागत नाही. मी म्हणाले, खोली मी शोधते. शेवटी असं ठरलं: होळीपर्यंत पाचही गाण्यांचे ड्रम मी द्यायचे, आणि पाचही एकाच जागी वाजवल्यासारखे वाटले पाहिजेत. नाही जमलं तर प्रोग्राम.

गाणी करण्याचा व्यवहार आता कसा चालतो, हे लोक मला पार्टीत विचारतात, म्हणून इथे सांगून टाकते. आम्ही सुरुवात केली तेव्हा कॉलेजांच्या स्पर्धा होत्या. मग पब आले; तिथले मालक आमची गाणी दोन ऐकायचे आणि मग हिंदी हिट मागायचे. मग कंपन्यांचे वार्षिक कार्यक्रम, जिथे आम्ही जेवणाच्या रांगेकडे तोंड करून वाजवलं. आता स्टेज जवळपास नाही. गाणी घरी बनतात आणि ऑनलाइन चढतात, आणि ती चढवून देणारी माणसं असतात. आमचाही एक आहे, तिशीतला, कामाला चोख. त्याचे नियम मी लिहून ठेवले आहेत: आवाज लगेच सुरू व्हावा, सुरुवातीला नुसती वाद्यं नकोत. गाणं आखूड. पाच गाणी एकदम नकोत, एकेक सोडा. आणि चाल घड्याळासारखी स्थिर, म्हणजे लोकांना त्यावर व्हिडिओ कापता येतात. मला त्याचा राग नाही. तो सांगतो ते खरं असतं. पूर्वी गाणं वाजवायचं तर चौघांना एका वेळी एका ठिकाणी यावंच लागायचं, आणि भांडणं झाली तरी पुढच्या आठवड्यात परत यावं लागायचं. ती सक्ती संपली. आता कोणी कोणासाठी थांबत नाही, सगळे फायली पाठवतात.

दिवाळीनंतर, पाऊस पूर्ण थांबल्यावर, मी सुरुवात केली. पत्र्यावर पाऊस पडत असताना काहीच रेकॉर्ड होत नाही. दर रविवारी सकाळी ड्रम गाडीत भरायचे, पौडच्या स्टँडपाशी डिझेल आणि केळी घ्यायची, खोलीवर पोचून सगळं जोडायचं. रेकॉर्डिंगमध्ये ड्रम आधी होतात, बाकीचे त्यावर आपापलं रचतात. मला आधार म्हणून गायक एक कच्चं रेकॉर्डिंग पाठवतो. त्यात तो गिटारवर गाणं कसंबसं गातो, मागे घड्याळासारखी टिकटिक असते, तिला आम्ही क्लिक म्हणतो. पुढे ते फेकून दिलं जातं. ते फक्त माझ्या कानासाठी असतं, त्यामुळे तो त्यात मोकळा बोलतो. "इथे भरून काढ." "आता हळू, बाई, हळू." "इथे मला शब्द सुचलेले नाहीत, ला ला समज."

एकदा तो कानात म्हणाला, "जमेल ना?" आणि मी वाजवता वाजवता मोठ्याने "हो" म्हणाले. ते सगळ्या माइकमध्ये गेलं. मी ती फाइल तशीच पाठवली. कोणी काही म्हणालं नाही. काढून टाकलं असणार.

मावशी दुपारी डोकावून जायच्या. त्यांचं भात काढून झालं होतं, हाताला निवांतपणा होता. एकदा उंबऱ्यावर बसूनच राहिल्या.

"सकाळधरनं त्येच त्येच चाललंय," म्हणाल्या. "शिजलं न्हाई व्हय आजून?"

मी म्हणाले, शेवटी थोडं कच्चं आहे.

"बाकीची मानसं कुटं हायेत तुमची?"

"घरी. ते घरून वाजवतात."

"आन् तुमी हितं."

"हो."

"मग भेटता कवा?"

मी म्हणाले की गाणं तयार झालं की सगळे एकत्रच ऐकू येतात. त्यांनी यावर विचार केला आणि "लई अवघड हाय" असं म्हणून कोंबड्या हाकलायला उठल्या. अवघड काय, ते त्यांनी सांगितलं नाही.

पहिली दोन गाणी फार छान झाली. मी म्हणत नाही, तिघं म्हणाले. गायकाने फोन केला, जो तो एरवी करत नाही. ड्रमचा आवाज कसा जाड, मऊ, लाकडी आला आहे, असं बराच वेळ बोलला. सगळं श्रेय नव्या माइकना आणि माझ्या गोधड्यांना मिळालं. त्या आठवड्यात माझ्या हातून कॅबचे दोन मार्ग चुकले आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

संक्रांतीनंतरच्या रविवारी गेले तर खोली रिकामी. भात गिरणीवर गेलं होतं. मला आनंदच झाला, ड्रम सेट ऐसपैस मांडता आला. तिसरं गाणं मी मोकळ्या अंगाने वाजवलं आणि संध्याकाळी पाठवून दिलं. आधी बासवाल्याचा निरोप आला: "बादल्या वाजवल्यास का?" मग गायकाचा, जरा सांभाळून लिहिलेला. पहिल्या दोनशी जुळत नाही, पत्र्याच्या डब्यात वाजवल्यासारखं येतं आहे, एवढी धावपळ करण्यापेक्षा बघू या का दुसरं काही.

दुसरं काही म्हणजे काय ते मला माहीत होतं.

मी आठवडाभर कारणं तपासली. ड्रमची कातडी बदलली. वायरी बदलल्या. माइकची अंतरं जुन्या फोटोंवरून मोजून पुन्हा तीच ठेवली. पुढच्या रविवारी तिथे जाऊन वाजवलं, आवाज तोच, बादलीचा. काठ्या खाली ठेवून मी नुसती बसले आणि वैतागून एक टाळी वाजवली. ती भिंतीवर आपटून परत आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. तेव्हा कळलं. खोलीचा म्हणून आम्ही जो आवाज डोक्यावर घेतला होता, तो भाताच्या पोत्यांचा होता. आम्ही दोन गाणी मावशींच्या पिकाच्या भरवशावर केली होती आणि बाकीची तीन तांदूळ होऊन बाजारात गेली होती.

मी मावशींकडे जाऊन पोती परत मिळतील का, विचारलं.

"भात भरडलं की," त्या म्हणाल्या. "आता तूस हाय. त्यो वीटभट्टीवाला न्यायचाय."

"होळीपर्यंत ठेवता येईल का? मी रचते."

"तुसाचं गानं करताय व्हय?" त्यांनी सुनेला हाक मारून ही गोष्ट तिलाही ऐकवली, आणि दोघी बराच वेळ हसल्या. पण ठेवलं.

तुसाची, म्हणजे भाताच्या टरफलांची, पोती हलकी असतात, मी एकटीने दोन्ही भिंतींना छताजवळपर्यंत रचली. तूस केसांत जातं, गळ्यात जातं, ड्रमच्या आत जातं, आणि अंगाला खाज सुटते ती आंघोळीनंतरही. आवाज अगदी तोच आला नाही. पण त्याच्या शेजारचा आला. तिसरं गाणं पुन्हा वाजवलं, मग चौथं. पोत्यांच्या मध्ये बसून मी माझा एक फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. भुवयांवर तूस, हातात काठ्या. मला वाटलं होतं निदान चार दिवस यावर थट्टा चालेल. गायकाने अंगठा पाठवला. बासवाल्याने अंगठा पाठवला. जर्मनीतून दुसऱ्या दिवशी "मस्त" आलं.

पाचव्या, त्या जुन्या गाण्याचं कच्चं रेकॉर्डिंग काही येईना. गायक म्हणे वेळ मिळत नाही, आज पाठवतो, उद्या पाठवतो. होळी जवळ आली. मग मी ते आठवणीने वाजवलं, कानात काहीच न लावता. मला त्याची गरजही नव्हती. ते गाणं स्टेजवर इतक्यांदा वाजवलं होतं की कोण कुठे वळून बघतो तेही पाठ होतं. शेवटच्या कडव्याआधीच्या ओळीवर गायक नेहमी घाई करायचा, सुटायचाच, मी त्याच्याबरोबर सुटायचे, आणि बासवाला आमच्या दोघांकडे बघून डोळे फिरवायचा. मी डोळे मिटून वाजवलं. त्या ओळीवर सुटले. एकदाच वाजवलं आणि ठेवलं.

होळीच्या आधी पाचही गाणी पाठवली. माझ्या बाजूने करार पूर्ण झाला.

पहिल्या चार गाण्यांचं तयार मिक्स, सगळी वाद्यं आणि आवाज एकत्र केलेलं, आलं ते ऑफिसच्या दिवशी. मी जेवणाच्या सुट्टीत पार्किंगमध्ये जाऊन गाडीत ऐकलं. आवाज झकास होता. गिटार भरदार, बास जागच्या जागी. पण काहीतरी खटकत होतं, म्हणून पुन्हा लावलं. माझा डावा हात कॉलेजपासून किंचित उशिरा येतो. खोड आहे, गेली नाही, आणि पुढे पुढे आमची गाणी तिच्यावरच बसली. या चार गाण्यांत तो एकदाही उशिरा आला नव्हता. ठोके माझे होते, कातडी माझी, तूसही माझं. पण प्रत्येक ठोका उचलून टिकटिकीवर नेऊन ठेवला होता.

मी तिथूनच गायकाला फोन लावला.

"ठोके सरळ केलेस?"

"सगळेच करतात," तो म्हणाला. "आणि तुझेच आहेत सगळे. फक्त जागेवर आणलेत."

"ते जागेवरच होते."

त्याने सांगितलं की ती गाणी चढवणाऱ्याची अट होती, की जर्मनीहून आलेल्या गिटारी टिकटिकीवर वाजवलेल्या होत्या, त्यांच्याशी माझं जुळेना, की प्रोग्राम करण्यापेक्षा हे बरं असं त्याला वाटलं. सगळी कारणं खरी होती. मी रोज दिवसभर लोकांना असंच समजावते: तुमची कॅब रद्द केलेली नाही, फक्त मार्ग बदलला आहे. त्यामुळे मला भांडता येईना. मी एवढंच म्हणाले की पाचव्या गाण्याला हात लावायचा नाही. ते शेवटी ठेवा, तिथपर्यंत कोणी ऐकत नाही, पण ते जसं वाजवलंय तसं राहील. त्याने थोडा विचार करून हो म्हटलं. मग त्यावर त्याला नव्याने गावं लागेल, कारण त्यात टिकटिक नाही, हेही त्याच्या लक्षात आलं. तरी हो म्हणाला.

काही दिवसांनी त्याचाच फोन आला. पुन्हा पुन्हा गाऊन थकलेला होता.

"शेवटच्या कडव्याआधी घाई का केलीस?"

"तू करतोस म्हणून."

त्याने ती ओळ गुणगुणून बघितली. मग म्हणाला, "मी आता तिथे घाई करत नाही."

"कधीपासून?"

"माहीत नाही. आपण वाजवलं कधी शेवटचं?"

मी मनात एकेक वर्ष मागे मोजत गेले. मी सगळ्याची नोंद ठेवते, पण ते शेवटचं आहे हे त्या दिवशी कोणाला माहीत होतं? तोही आठवत राहिला. मग म्हणाला की तेवढीच एक जागा तो सरळ करून टाकतो, बाकी गाण्याला हात लावणार नाही. त्याचा आवाज खरोखर मऊ होता. त्याला मला दुखवायचं नव्हतं.

त्या पोत्यांमध्ये मी कोणाबरोबर वाजवत होते, याचा विचार मी तेव्हा केला. जो माणूस त्या ओळीवर सुटायचा तो आता कुठेच नव्हता. मी त्याच्यासाठी जागा सोडली होती आणि खरा माणूस तिच्यात बसत नव्हता.

"नको," मी म्हणाले. "माझं काढून टाक. तू आधी गा. टिकटिक न लावता, आता गातोस तसं. मग मला पाठव, मी त्यावर वाजवते."

"उलटं?"

"उलटं."

"असं कोणी करत नाही, बाई."

"माहीत आहे. रविवारपर्यंत पाठव."

त्याने शनिवारी पाठवलं. होळी होऊन गेली तरी वीटभट्टीवाला आला नव्हता; तो सोमवारी तूस न्यायला येणार होता. रविवारी मी खोलीत बसून आधी ते नुसतं ऐकलं. मागे कुठेतरी कुकरची शिट्टी होती. खुर्ची करकरत होती. आवाज खाली आला होता, पूर्वी तो वरच्या पट्टीत ओरडायचा तिथे आता जवळजवळ बोलत होता. आणि त्या ओळीपाशी तो थांबला. श्वास घेतला. चांगला लांब, आवाज येईल असा, आणि मग पुढे गेला. पूर्वी त्या दोन ओळी तो एका दमात ढकलायचा. आता त्याला तिथे दम लागत होता. हे त्याने मला सांगितलं नव्हतं. त्याच्या लक्षात आलं होतं की नाही, कोण जाणे.

मी वाजवायला घेतलं. पहिल्यांदा त्या जागी माझे हात पुढे गेले. दुसऱ्यांदाही गेले, आणि मी थांबून माझ्यावरच चिडले. मग डोळे उघडे ठेवले. ती ओळ आली, काठ्या हवेत धरल्या, त्याचा श्वास आत जाताना ऐकला, पूर्ण आत जाऊ दिला, आणि तो निघाल्यावर निघाले. डावा हात किंचित उशिरा आला. तो तसाच राहू दिला.

गाणं संपल्यावर रेकॉर्डिंग बंद केलं, फाइल पाठवली आणि ड्रम उतरवायला घेतले. शेवटची पिशवी गाडीत ठेवेपर्यंत "मिळालं" एवढा निरोप आला होता.

ते गाणं शेवटी, सगळ्यात शेवटी आलं. चढवण्याआधी गाणी चढवून देणाऱ्याने विचारलं होतं म्हणे, की मधे एक मोकळी जागा पडली आहे, नुसता श्वास ऐकू येतो, ती कापून टाकू का. गायकाने परस्पर नाही म्हणून सांगितलं. हे मला पुढे बासवाल्याकडून कळलं.